सात महिन्यांची चाचणी

‘सात महिन्यांच्या काटेकोर चाचणीनंतर व आवश्यक त्या दुरुस्त्यांनंतर ही सुधारणा सर्वांसाठी खुली करण्यात येत आहे. लहान फायली वाचण्याचा वेग चाळीस टक्क्यांनी वाढला आहे.’

यातला चाळीसचा आकडा खरा होता. दुरुस्ती एकच झाली होती, आणि ती एका स्वल्पविरामाची. सात महिन्यांपैकी चाचणीला लागली होती एक दुपार.

अश्विनला हे ठाऊक होते, कारण निवेदन त्यानेच लिहिले होते. बिनपगारी मंडळींनी मिळून चालवलेल्या त्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये फायलींची व्यवस्था पाहणारा भाग अकरा वर्षे त्याच्याकडे होता. त्याच्या होकाराशिवाय तिथे एक ओळही शिरत नसे. मोबदला म्हणून प्रत्येकाला मिळे ते फक्त श्रेय.

सुधारणा चैतालीची होती. पिंपळगाव बसवंतच्या एका शीतगृहात ती द्राक्षांच्या खोल्यांचे तापमान पाही. मिनिटाला एक इवलीशी फाइल, अशा लाखो फायली. त्या वाचताना यंत्र रखडे, म्हणून तिने तीस ओळी लिहून पाठवल्या. याच अडचणीशी अश्विन तीन वर्षे झुंजत होता. त्या ओळी त्याने चार मिनिटांत वाचल्या, त्याच दुपारी तपासल्या आणि तिला कळवले, ‘आणखी चाचणी हवी.’ पुढे त्या त्याला तोंडपाठ झाल्या.

आज कॉलेज रोडवरच्या हॉलमध्ये महिन्याची बैठक भरली होती. निवेदन पडद्यावर होते. जाहीर करण्याचे बटण तेवढे दाबायचे राहिले होते.

“सात महिने?” मागच्या रांगेतून लखन ओरडला. “सर, मग डोहाळजेवण तरी करायचं होतं!”

सगळे हसले. चैताली उठून उभी राहिली.

“लय झकास लिहिलंय, सर. वाचणाऱ्याला वाटेल, पोरीनं कच्चा माल आणून टाकला, सरांनी सात महिने पिकवला. माझ्या नावापुढं हे असंच राहणार ना, कायमचं?”

“निकालाची फाइल जोडली आहे मी. बघून घे.”

“बघितली. तिच्यावर तारीख बारा जूनची आहे. आज जानेवारी आहे, सर.”

अश्विनने पडद्याकडे पाहिले. ती फाइल त्याने कालच जुन्या फोल्डरमधून इथे आणली होती, आणि हाताच्या सवयीने मूळ तारीख राखूनच नक्कल केली होती. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी हेच शिकवी : नक्कल करताना तारीख पुसायची नाही, पुरावा जातो.

“मशीनचं घड्याळ चुकलं असेल,” लखन आता हळू आवाजात म्हणाला.

“तसं म्हणा, सर,” चैताली म्हणाली. “घड्याळ चुकलं म्हणा. मी लगेच मान्य करते.”

अश्विनने कळफलक ओढला. पडद्यावरचे पहिले वाक्य शेवटाकडून एकेक अक्षर नाहीसे होत गेले. त्या जागी त्याने नवा मजकूर टंकला, खाली स्वतःचे नाव घातले आणि बटण दाबले. तो मजकूर आजही तिथे जसाच्या तसा आहे :

‘चाचणी बारा जूनला, पहिल्याच फेरीत यशस्वी झाली. त्यानंतरचे सात महिने मी एवढेच तपासत होतो, की हे मला का सुचले नाही.’