बारावं घर

"मावशी, तुम्ही घर झाडलं!"

अस्मा उंबऱ्यावरच थबकली. भुरीबाईचं घर लख्ख होतं. तिने खाली वाकून कोपऱ्यातून बोट फिरवलं. बोट जसंच्या तसं.

आठ दिवस कुणी झाडायचं नाही, एवढंच तिने तांड्यातल्या बारा घरांना हात जोडून सांगितलं होतं. तिला धूळ हवी होती. धुळीतले जिवाणू काचेच्या बशीत वाढवायचे, मोजायचे, आणि त्यावर दोन वर्षांची फेलोशिप मिळवायची. घरातल्या सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या नव्या संशोधकांसाठीच ती होती. आर्णीत गॅरेज चालवणारे तिचे अब्बा रोज विचारत, धुळीवर फेलोशिप मिळते, तर माझं गॅरेज काय वाईट आहे?

अकरा घरांनी तिचं ऐकलं होतं. गेल्या मंगळवारी तिने प्रत्येक घराच्या कोपऱ्यातून चिमूटभर धूळ उचलली. भुरीबाईच्या दाराला तेवढं कुलूप होतं. ती लेकीकडे उमरखेडला गेली होती. मग बशांमध्ये ठिपके उगवले आणि अस्माची झोप उडाली. अकराही घरांत तेच नारिंगी ठिपके, त्याच प्रमाणात! मातीचं घर असो की स्लॅबचं, दारात शेळ्या असोत की नसोत. असं तिने कुठेच वाचलं नव्हतं. निवड समितीनेही वाचलं नसावं, कारण तिने निकाल पाठवल्यावर मुलाखतीचा निरोप दुसऱ्याच दिवशी आला. आज चार वाजता, मोबाइलवर. चार वाजायला दहा मिनिटं होती, आणि बाराव्या घरची धूळ हातात आहे असं तिला ठासून सांगायचं होतं.

"अकरा घरांनी पाळलं, अन् तुम्हीच..."

भुरीबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अवं पोरी, पाहुणी येनार अन् घर कोन झाडत नाही? साऱ्याइनं झाडलं."

"मग ती धूळ?"

"मी रोज झाडत गेलो अन् तुह्यासाठी डब्यात भरत गेलो. तुले पाहिजे होती न, फेकू कशी? ह्या बायाइनं उकिरड्यावर फेकून देलती. तू येनार त्याच्या आदल्या दिवशी आल्या रडत. मंग काय, देली वाटी-वाटी सगळ्याइले. म्हनलं, कोपऱ्यात टाकून ठेवा, पोरीचं काम नको अडायले." तिने तेलाचा रिकामा डबा उपडा करून दाखवला. "मलेच नाही उरली पाय."

अस्मा मटकन खाली बसली. तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर तीन शास्त्रज्ञ होते. मधल्या बाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या. "अकरा घरं आणि सगळीकडे तेच जिवाणू. विलक्षण आहे हे! एका घरातून दुसऱ्या घरात ते गेले कसे, काही अंदाज?"

हवा, पाणी, शेळ्या. तीन उत्तरं अस्माने पाठ करून ठेवली होती, तिन्ही सुरेख. तिने समोर पाहिलं. भुरीबाई डबा पोटाशी धरून, मान उंचावून, पोरीच्या उत्तराची वाट पाहत होती.

"वाटीनं, मॅडम," अस्मा म्हणाली.