सोड्याचं पाणी

जाळं वर आलं तेव्हा त्यात एकही किडा नव्हता. नुसते मासे. बोटाच्या पेराएवढे, करडे, वळवळणारे.

जाळीवाला गुडघाभर पाण्यात उभा राहून बघत राहिला. मिसरूड फुटल्यापासून तो या तळ्यावर जगत होता. मलमलीच्या जाळ्यानं पाणकिडे आणि अळ्या गाळायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या आणि शोभेच्या माशांच्या दुकानात नेऊन द्यायच्या. काचेच्या पेटीतल्या माशांना जिवंत खाणं लागतं. पण हल्ली किडे आटत चालले होते. पाण्यावर भिरभिरणारे चतुर दिसेनासे झाले. पाणी हिरवंगार पडलं.

दोष कुणाचा, हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. पलीकडच्या काठावर त्याची थोरली बहीण लॉजच्या चादरी धुवायची. ‘तुझ्या सोड्यानं माझ्या पोटावर पाय दिला,’ असं तो तिला भर रस्त्यात बोलला होता. तीही काही कमी नव्हती. ‘आई त्याच तळ्यावर धुवायची तेव्हा तू माझ्या पदरात बेडूक आणून टाकायचास. तेव्हा काय ती राखेनं धूत होती?’

पण पाणी का बिघडलं ते बघायला नगरपालिकेची माणसं आली तेव्हा त्यानं बहिणीकडे बोट दाखवलं. त्यांनी तिचा धुण्याचा दगड पहारीनं उखडून नेला. त्यानंतर बहीणभाऊ बोलले नाहीत. आणि किडेही परतले नाहीत.

त्यानं एक मासा अंगठ्याखाली दाबला. पोट फुटलं. आत किड्यांचे पाय होते, अळ्यांची डोकी होती.

चार मासे डब्यात घालून तो दुकानात गेला. दुकानदारानं डबा उजेडात धरला आणि हसला.

‘अरे, हे तर आमचेच. शेपटी झडलेले, न खपलेले. जाता जाता गटारात टाक म्हणून तुला देत होतो की.’

‘जीव होता त्यांच्यात. तळ्यात सोडायचो.’

‘वा रे दयाळू! मला किडे विकत आणि त्यांना फुकट. यांची मादी महिन्या-महिन्याला पिल्लं टाकते, आणि पिल्लू जन्मल्या दिवसापासून खायला लागतं. आता विसर तुझे किडे.’

तो तिथून थेट बहिणीकडे निघाला. काय बोलायचं ते वाटेत मनाशी घोकत राहिला. ती आता त्याच लॉजच्या तळघरात लॉजवाल्याच्या यंत्रांत चादरी कोंबायची. पगार देताना लॉजवाला तिच्यावर उपकार केल्यासारखा देई. दारात भाऊ दिसताच तिनं यंत्र बंद केलं. भेगाळलेले हात लुगड्याला पुसले.

‘ताई, तळ्याचं जरा...’

‘थांब. आधी माझं ऐक.’ ती चादरींच्या ढिगावर बसली. ‘परवा मी तळ्यावर जाऊन आले. एक चतुर नाही रे दिसला. त्या दिवशी रस्त्यात तुझ्याशी तोंड वर करून भांडले. पण इतकी वर्षं त्या पाण्यात सोडा कालवला तो मीच ना? तुझ्या तोंडचा घास माझ्यामुळे गेला. दगड नेला ते बरंच झालं. डोळ्याला डोळा लागत नाही बघ. मला माफ कर.’

तळघरात पाणी ठिबकत होतं. डब्यात मासे पत्र्यावर आपटत होते. त्यानं डबा पाठीमागे नेला.

‘असू दे, ताई,’ तो म्हणाला. ‘झालं ते झालं. मी केव्हाच माफ केलं तुला.’