दहावा माणूस

सिस्टरनं बाकांवरची डोकी मोजली. दहा भरली. तिचा जीव भांड्यात पडला आणि तिनं फ्रिजमधून पिवळ्या तापाच्या लशीची कुपी काढली. एका कुपीत दहा जणांची लस. एकदा फोडली की काही तासांत संपवायची, उरली तर फेकायची. आणि लस इतकी दुर्मिळ, की दहा जण जमल्याशिवाय कुपी फोडायची नाही असा केंद्राचा नियमच होता. केंद्र उघडायचं फक्त मंगळवारी, तेही बारापर्यंत. साडेअकरा वाजून गेले होते.

"पासपोर्ट हातात ठेवा, बाह्या वर करा," ती म्हणाली.

नऊ जणांनी बाह्या वर केल्या. दहावे गृहस्थ मांडीवर काळा कोट ठेवून बसले होते. त्यांनी पासपोर्ट आणि त्यावर ठेवलेला एक कागद पुढे केला.

"मला लस नको, सिस्टर. मी नकार दिला, एवढं यावर लिहून शिक्का द्या. परवा कोर्टात तारीख आहे."

"मग बाकावर कशाला बसलात?"

"उभ्या माणसाकडे इथं कुणी बघत नाही म्हणून."

तेव्हा सगळ्यांनी त्यांना ओळखलं. परदेशी जाणाऱ्यांवरच्या लशीच्या सक्तीविरुद्ध कोर्टात गेलेले वकील ते हेच. दोन महिन्यांपूर्वी आजारी भावाला भेटायला निघाले होते. लशीचा दाखला नाही म्हणून विमानतळावरून परत पाठवलं आणि चौथ्या दिवशी भाऊ गेला. ते पेपरात छापून आलं, आणि आता आठवडाभर सभागृहात त्याच नियमावरून रोज हातघाई चालली होती.

"ताप काही व्हिसा काढून येत नाही, वकीलसाहेब," जहाजावरचा आचारी बाही तशीच वर ठेवून म्हणाला.

"नाही येत. पण तापाच्या नावाखाली उद्या कशाकशाचे दाखले मागतील, नेम नाही. माझ्या अंगात काय टोचायचं ते मी ठरवणार."

आवाज ऐकून डॉक्टर आतून आले. त्यांनी डोकी पुन्हा मोजली. "नऊच? मग पुढच्या मंगळवारी या. ही शेवटची कुपी आहे. नऊ जणांवर फोडली तर वरचे माझंच डोकं फोडतील, सध्या दिवस कसले आहेत माहीत आहे ना?"

आठ जणांनी कुरकुरत बाह्या खाली केल्या. कडेला बसलेल्या बाईनं मात्र केली नाही.

"पुढच्या मंगळवारी घेतली तर चालेल का हो? आजपासून अकराव्या दिवशी माझं विमान आहे."

"नाही, मावशी," सिस्टर म्हणाली. "टोचल्यावर दहा दिवस गेल्याशिवाय दाखला चालत नाही."

"लेकीचे दिवस भरत आलेत. जावई समुद्रावर. तिच्याजवळ कुणीच नाही." बाई रडली नाही. फक्त उघडा दंड दुसऱ्या हातानं धरून बसून राहिली.

"बाहेरून कुणाला तरी धरून आणू का?" आचाऱ्यानं विचारलं.

"पासपोर्टवाला पाहिजे. आणि बाराच्या आत," सिस्टर म्हणाली. पासपोर्ट खिशात घालून रस्त्यानं कोण फिरतं? वकिलांकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं.

सिस्टरनं त्यांच्या कागदावर नकार लिहिला, शिक्का मारला, सही घेतली. तोंडातून एक टोमणा काढला नाही. वकिलांनी कागद वाचला, घडी केली. मग ते बाईकडे वळले.

"तिथं विमानतळावर घ्यायला कुणी येणार आहे का?"

"कोण येणार? विचारत विचारत जाईन."

वकिलांनी घडी केलेला कागद परत टेबलावर ठेवला. "हा फाडा," ते सिस्टरला म्हणाले आणि शर्टाचं बटण सोडून बाही वर सारू लागले.

सिस्टर बघतच राहिली. बावीस वर्षांत तिनं घाबरणारे पाहिले, भोवळ येऊन पडणारे पाहिले, पैसे देऊन नुसता शिक्का मागणारेही पाहिले होते. हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, तुमची केस?"

"बुडाली. लस घेतलेल्याची तक्रार कोण ऐकतो?"

"म्हणजे मत बदललं?" आचाऱ्यानं विचारलं, पण आता त्याचा आवाज खाली आला होता.

"मुळीच नाही. सक्ती चूकच आहे. इथं मला कुणी सक्ती केली?"

डॉक्टर दाराशी उभे राहिले. सिस्टरनं कुपी फोडली, भुकटीत पाणी सोडलं, हलक्या हातानं हलवलं. चमचाभर औषध ते. दहा जण त्याच्याकडे बघत होते. पहिली सुई बाईला. शेवटची वकिलांना. त्यांचा दंड हातात धरताना सिस्टरला आपलीच बोटं ओशाळल्यासारखी वाटली. सुई गेली तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत.

बाई हात जोडून समोर उभी राहिली. वकिलांना तिच्याकडे बघवेना.

सिस्टरनं नोंदवही ओढली. दहावी ओळ. नाव लिहिलं, पासपोर्टचा नंबर लिहिला.

"प्रवास कुठला लिहू, साहेब?"

वकील बाही खाली करत होते. त्यांचा हात थांबला.

"मला जायचं होतं तिथं आता कुणी नाही," ते म्हणाले. "यांच्या लेकीचं गाव लिहा."