पाठमोरा देव

या, बसा. चहा येतोय, तोवर एक गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण मधे उठायचं नाही.

जीप थांबली, हिंमतराव उतरले, आणि बायकांनी तोंडं फिरवली. सव्वीस वर्षांनी आले होते, तरी लगेच ओळखलं त्यांना. जीपमध्ये मागे महुड्याची, म्हणजे आपल्या मोहाची, चाळीस रोपं होती. शहरात, मांजलपूरच्या घराच्या गच्चीवर, दुधाच्या पिशव्यांत, दोन वर्षं वाढवलेली. सून ओरडायची, "बाबा, कपडे काय डोक्यावर वाळत घालू?" म्हाताऱ्याने ऐकलं नाही.

गाव डभोईच्या पुढे, डोंगरात. अडुसष्ट साली हिंमतराव तिथे जंगलखात्याचे गार्ड होते. तेव्हा खात्याला नुसता साग हवा. महुडा म्हणजे अडचण. तोडायची पण मेहनत नाही. बुंध्याभोवती गोल साल सोलायची, बांगडीसारखी. झाड उभ्या उभ्या वाळतं. हिंमतरावांनी सहा दिवसांत एकशे तेरा महुडे सोलले. एकशे बारा मेले. त्यातलं एकेक झाड कुणा ना कुणाच्या घरचं होतं. महुड्याची फुलं खाऊन उन्हाळा काढायचा, बियांच्या तेलात वर्षभर रांधायचं, असं ते गाव.

आता खात्याची रीत बदलली होती. जंगल गावाने आणि खात्याने मिळून राखायचं. झाडं गाव सांगेल ती लावायची, आणि तशा कागदावर गावाचे अंगठे घ्यायचे. तरुण रेंजर विश्राम त्याच शहरातला, नागरवाड्यातला, घरच्या ओळखीतला. हिंमतराव त्याच्या मागेच लागले, "मला ने रे. मारली मी, लावीन पण मीच."

सभा भरली ती त्या एकशे तेराव्या महुड्याखाली. गावाने त्याचा देव केला होता. बुंध्याला जाड शेंदूर, पण मागच्या बाजूला. पुढून कोरा.

"देव पाठमोरा कसा?" विश्रामने विचारलं.

"फॉरेस्टवाल्यांचं तोंड बघायचं नाही त्याला," झमकुबेन म्हणाली. सगळे हसले. महुडा झमकुबेनच्या घरचा, आणि गावात शब्द तिचा.

मग ती उभी राहिली. हसू गेलं. "या माणसाने आमचे महुडे मारले. हा एक देवाने वाचवला. याच्या हातचं रोप आम्ही जमिनीत घालणार नाही. साहेब, तुमच्या कागदावर अंगठा मिळायचा नाही. जा."

विश्राम हिंमतरावांच्या कानाशी वाकला. "काका, असं सोललेलं झाड जगत नाही. खरं काय ते सांगा ना."

खरं काय ते हिंमतरावांना पक्कं ठाऊक होतं. हे झाड सोललं त्या दिवशी झमकुला नववा महिना. झाडामागे उभी, पंजा बुंध्यावर टेकवून. यांनी सगळीकडून साल काढली आणि पंजाशी येऊन कुऱ्हाड थांबली.

"हात काढ."

तिने काढला नाही. हे निघून गेले. तेवढ्या पंजाभर सालीतून झाड जगलं. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब तपासायला आले, झाडं बघून गेले, काही बोलले नाहीत. नोकरी कशी वाचली, ते हिंमतरावांना कधी कळलं नाही.

हे आत्ता सांगितलं असतं तर गावाने पाणी विचारलं असतं, अंगठे पण दिले असते. पण सव्वीस वर्षांचा देव त्याच जागी गेला असता.

हिंमतराव उठले. आवाज खणखणीत.

"जीव खाऊन घाव घातले मी या झाडावर. पुरं कडं काढलं. तरी हरलो! याने मला हरवलं, बरं केलं. माझ्या हातचं नको ना? मग रोपं तुम्ही लावा. मी नुसते खड्डे खणतो."

मग मागून कुणी तरी म्हणालं, "अरे, म्हाताऱ्याला कुदळ तर द्या!"

झमकुबेन पुढे आली. "चाल, गार्डसाहेब. आधी देवाच्या पाया पड."

ती त्यांना झाडामागे घेऊन गेली. तिथे दोघंच. तिने शेंदरावर पंजा टेकवला. सुरकुतलेला, पण बरोबर त्याच जागी बसला.

"एवढं खोटं कुठे शिकलास?" ती हळूच म्हणाली. "तुझा साहेब उद्या येणार, म्हणून त्या संध्याकाळी मीच या उरलेल्या सालीवर शेण लिंपलं, वर शेंदूर फासला. देव बघून त्याने हात लावला नाही. गावाला पण मी कधी सांगितलं नाही. दर होळीला लेप मीच चढवते."

मला हे कुणी सांगितलं, ते विचारू नका. त्या चाळीसातले सदतीस महुडे आज फुलतात. कधी तिकडे गेलात तर जरूर बघा, देवाला नारळ फोडा, सावलीत बसा. फक्त एवढं करा माझ्यासाठी. मागचा शेंदूर खरवडू नका.