अपेक्षित उत्तर

लालशाईंनी तिच्या सराव पाठाचं टाचण परत केलं तेव्हा त्यावर एकही लाल खूण नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं. लालशाई हे काही सरांचं खरं नाव नव्हे. शिक्षिका व्हायला आलेल्या मुलींनी त्यांच्या पेनावरून ते पाडलं होतं. एरवी ते पेन समाससुद्धा कोरा सोडत नसे.

"चूक काही नाही, म्हणूनच परत देतोय," सर म्हणाले. "तुम्ही प्रश्न विचारणार, मुलं बरोबर उत्तर देणार, तुम्ही पुढचा प्रश्न विचारणार. असा वर्ग कुठे भरतो ते मलाही सांगा, मी तिथे बदली मागून घेतो."

बाकीच्या मुली हसल्या. तीही हसली, पण तिची कानशिलं तापली. त्या सगळ्यांत तीच वयाने मोठी होती. लेक शाळेत जायला लागल्यावर तिने स्वतःचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुन्हा धरलं होतं. आधीचे सगळे सराव पाठ तिचे पडले होते. लेकीला सांभाळणारी नणंद रोज संध्याकाळी विचारायची, कसा झाला पाठ? ही मान खाली घालून भाजी चिरत म्हणायची, छान. आता हा शेवटचा पाठ होता. तो पडला तर वर्ष वाया जाणार होतं आणि घरी मारलेल्या सगळ्या थापा उघड्या पडणार होत्या.

"एक तरी उत्तर चुकू द्या," सर म्हणाले. "आणि त्या मुलाला तुम्ही कसं सांभाळणार, ते लिहा. शिकवणं तिथून सुरू होतं."

घरी ती टाचण घेऊन बसली. धडा पाण्याच्या वाफेचा होता. प्रश्न साधाच: दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांतलं पाणी कुठे जातं? चुकीचं उत्तर तिला शोधावं लागलं नाही. ते तिच्यापाशी लहानपणापासून होतं. तिच्या वर्गात बाईंनी हाच प्रश्न विचारला होता आणि ती ऐटीत उठून म्हणाली होती, दोरी पिते. वर्ग हसला. बाई त्याहून जास्त हसल्या. त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत तिचं नाव दोरीच राहिलं. ही गोष्ट तिने नवऱ्यालासुद्धा कधी सांगितली नव्हती.

'अपेक्षित उत्तर' या रकान्यात तिने ते दोन शब्द लिहिले तेव्हा इतक्या वर्षांनीही तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी तिने लिहिलं, शिक्षिका कुणालाही हसू देणार नाही.

लालशाईंनी ते वाचलं आणि खाली सही केली.

पाठाच्या आदल्या दिवशी टाचण सरावाच्या शाळेतल्या वर्गशिक्षिकेला दाखवायचं असे. या वर्गाच्या बाई ऐसपैस, प्रेमळ. शिकाऊ मास्तरणींचे कितीतरी पाठ त्यांच्या वर्गाने झेलले होते. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांनी ओळीवर बोट ठेवून सगळं टाचण वाचलं.

"मागचे पाठ पाहिलेत हो मी तुमचे," त्या म्हणाल्या. "नुसत्या घामाघूम होता. हे आजच्या दिवस माझ्याकडे राहू द्या. माझा वर्ग तुम्हाला पडू देणार नाही."

त्या इतक्या मायेने बोलल्या की हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी तिने ओलं फडकं फळ्यावरून फिरवलं आणि तो पट्टा सुकताना मुलांना बघायला लावलं. सर मागे पेन उघडून बसले होते. मग तिने दोरीचा प्रश्न विचारला.

ती कुणाला उठवणार तोच शेवटच्या बाकावरची मुलगी आपणहून उभी राहिली. ही मुलगी आजवर एकाही पाठात बोलली नव्हती. फक्त तिची वही सगळ्यांच्या आधी लिहून होत असे. बाकाची कड घट्ट धरून तिने आधी ओठ हलवले.

"बाई, दोरी पिते."

वर्गात हशा पिकला. क्षणभर हिला वाटलं, आपणच तिथे उभ्या आहोत. मग टाचणात नसलेलं हिच्या तोंडून निघून गेलं.

"हसू नका. लहानपणी मीही हेच उत्तर दिलं होतं." मुलं हिच्याकडे बघायला लागली. "कपडा दोरीला टेकलेला असतो, म्हणून मला तसं वाटलं. जो विचार करतो त्यालाच असं वाटतं. पण मघाशी फळा वाळला, त्याला कुठे दोरी होती?"

मुलं विचारात पडली. मग भराभर हात वर झाले आणि घंटा होईपर्यंत पाठ आपोआप पुढे गेला.

"आज शिकवलंत," दारापाशी सर म्हणाले. पेनाला टोपण लावलेलं होतं.

तिच्या जिवात जीव आला. आज नणंदेच्या डोळ्याला डोळा भिडवून 'छान' म्हणता येणार होतं. त्याच आनंदात ती बाहेर आली, तर नळापाशी मुलांचा घोळका. "ए दोरी, पाणी पी, पाणी पी," असा गलका चालला होता. मध्ये ती मुलगी तोंडावर पाणी मारत होती.

हिने मुलांना हाकललं आणि मुलीसमोर उकिडवी बसली.

"उत्तर चुकलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तू उठून बोललीस, ते किती छान केलंस."

मुलीने नळ बंद केला.

"बाई, वाफ होते ते येतं मला. पण काल मोठ्या बाईंनी तुमच्या टाचणातलं ते माझ्याकडून म्हणून घेतलं. माझं पाठांतर चांगलं आहे ना, म्हणून."

तिने बाहीने डोळे पुसले आणि वर पाहिलं.

"मी बरोबर चुकले ना, बाई?"