गाडी पुढे घ्या

सतराव्या किलोमीटरच्या पाटीपाशी ड्रायव्हरची डावी पोटरी दगड झाली. अडीच तास पहिला गिअर, अर्धा क्लच आणि समोर एक बाई. ती पळत होती असं आपलं म्हणायचं. खरं तर घरात नळ चालू राहिलाय हे आठवून कुणी लगबगीनं निघावं, तशी चालली होती. पहाटेपासून तो नळ काही येत नव्हता.

गाडी शाळेची. शर्यतवाल्यांनी रविवारपुरती घेतलेली. काम सोपं होतं. शर्यतीच्या शेपटाला राहायचं आणि ज्याचा दम संपला त्याला उचलायचं. नियम एकच. गाडीनं ज्याला मागे टाकलं, तो बाद. म्हणून शेवटच्या माणसाच्या मागेच सरपटायचं, एक तर तो स्वतः चढेपर्यंत, नाहीतर साडेतीन तास भरेपर्यंत.

आत एकोणीस जण कोंबलेले. तिसरी-चौथीतल्या पोरांच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसलेले. कोऱ्या करकरीत टोप्या, पोटऱ्यांवर घट्ट चढवलेले गुलाबी मोजे, कमरेच्या पट्ट्यात ताकदीच्या चिकट पुड्या. पोरं आठवडाभर याच गाडीतून जातात, पण एवढी किरकिर करत नाहीत. एसी लावा. खिडकी लावा. पाणी कोमट आहे.

सगळ्यात जास्त तोंड घड्याळवाल्याचं. अकराव्या किलोमीटरला पोटरी धरली म्हणून चढला, तेव्हा बाळंत होत असल्यासारखा कण्हत होता. बाराव्याला मागच्या सगळ्यांना पळायचं कसं ते शिकवत होता. त्याचं घड्याळ मधूनमधून पिंपिं करून त्याला सांगायचं, बराच वेळ बसलात, थोडं चाला.

"अहो, पण ही बाई थांबणार कधी?" शेजारचा दंतवैद्य म्हणाला. "तिकडे नाश्ता संपला असेल."

"थांबेल हो. माझीच बायको आहे ती."

मग मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मग हाक मारा ना त्यांना."

घड्याळवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अगं ए. बस झालं आता. ये वर. तुझ्यामुळे सगळे खोळंबलेत."

बाईनं मानही वळवली नाही.

"ऐकू गेलं नसणार," तो डोकं आत घेत म्हणाला.

"काही म्हणा, तयारी चांगली दिसते त्यांची."

"कसली तयारी? सहा महिने पळत होतो मी. ही मागून यायची, पाण्याची बाटली घेऊन. हातात ओझं असलं की माझा वेग पडतो."

दंतवैद्यानं समोर पाहिलं, मग घड्याळवाल्याकडे पाहिलं आणि केळं सोलायला घेतलं.

घड्याळवाला उठला. सीटांच्या पाठी धरत धरत पुढे आला. लंगडायचं विसरला होता.

"दादा, गाडी पुढे घ्या."

"ती बाद होईल, साहेब."

"होऊ द्या. माझी बायको आहे, मी सांगतोय ना. तिला काय करायचंय त्या पदकाचं?"

"वेळेत आहे ती. चारच किलोमीटर राहिलेत."

"चार किलोमीटर म्हणजे अजून पाऊण तास खाणार ती. आणि इथे बघायला कोण आहे? हळूच बाजूनं काढा. गाडी पुढे गेली की मुकाट चढते की नाही बघा. मी ओळखतो तिला."

बघायला खरंच कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना बंद शटरं, नारिंगी शंकू, पायाखाली चेंगरलेले कागदी कप. ड्रायव्हरच्या पोटात पहाटे चारपासून चहाचा घोट नव्हता आणि ही बाई काही त्याची कुणी लागत नव्हती.

त्यानं दुसरा गिअर टाकला.

गाडी हिसका देऊन बाईच्या पाठीशी गेली. मानेला चिकटलेले केस दिसले, टीशर्टवर वाळलेल्या मिठाची रेघ दिसली. इंजिनाचा आवाज बदलला तशी बाई सरकली. कडेला नाही. रस्त्याच्या बरोबर मधोमध आली आणि तशीच पुढे चालू लागली. मागे न बघता.

ड्रायव्हरचा पाय आपोआप उचलला गेला. गाडी पुन्हा पहिल्यावर आली.

"बघितलंत?" घड्याळवाला म्हणाला. "हे असं असतं हिचं. हॉर्न द्या जरा."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही. बटण दाबलं. फुस्स करून पुढचं दार उघडलं.

"हे कशाला?"

"उतरा," ड्रायव्हर म्हणाला. "गाडीनं ओलांडलं तर ती बाद. माणसानं ओलांडलं तर काही होत नाही. तुम्हाला घाई आहे ना, मग जा तिच्या पुढे. फार जोरात नाही पळत ती. ताशी साडेसहा."

मागचे अठराजण खिडक्यांतून बाहेर बघायला लागले, जणू बंद शटरांवर काहीतरी वाचण्यासारखं होतं.

घड्याळवाला पायरीवर उतरला आणि तिथेच थांबला. खाली रस्ता इतका हळू सरकत होता की काठीवाल्या आजोबांनाही उतरता आलं असतं. त्यानं दोन्ही हातांनी दांडा धरला.

पुढे बाईच्या कानावर दाराचा आवाज गेला. तिला वाटलं, तिच्यासाठीच उघडलंय. तिनं न वळता एक हात मागे केला आणि जिन्यावर आलेल्या विक्रेत्याला लांबूनच परत पाठवतात तसा हलवला. नको म्हणून.