दोन बादल्या

नंदिनीने संगणकावर चौदा नंबरच्या खांबापासून साठ मीटरवर वीज पाडली. पडद्यावरची लाइन हिरवीच राहिली. वीज शेजारच्या शेतात पडली तरी तारेत हजारो व्होल्ट उठतात, बंद तारेतसुद्धा. ते खांबाच्या बुडाशी खड्ड्यात पुरलेल्या अर्थिंगमधून जमिनीत उतरले तर ठीक. अर्थिंगचा आकडा जितका कमी, तितकी वाट मोकळी.

"बाबारावकाका, मे महिन्यात पाच ओहम! कमाल आहे तुमच्या खड्ड्यांची."

बाबाराव खिडकीशी उभे होते. उपकेंद्रातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. नाचणगावच्या लाइनवरच्या अर्थिंगचं रीडिंग त्यांनीच घेतलं होतं. कौतुकाने गडी खुलला.

"पानी टाकलं ना, मॅडम! मीटर लावाच्या आधी दोन-दोन बादल्या, हरेक खड्ड्यात. आमच्या इथं असंच करतेत. आकडा चांगला दिसला पायजे. अन् तुमचा तर पह्यलाच रिपोर्ट."

नंदिनी हसली. मग तिचं हसू विरलं.

"आणि पाणी नसतं टाकलं तर?"

"मातीले भेगा पडल्या हायेत आता. कोरड्यात शंभराच्या खाली येतच नाई."

आकडा देखणा असला की खड्डा पाहायला कोणी जात नाही. तीही गेली नव्हती. तिने पाच खोडून शंभर लिहिलं आणि तीच वीज त्याच शेतात पुन्हा पाडली. चौदा नंबरचा खांब लाल झाला.

त्या खांबावर आत्ता दुरुस्तीसाठी धम्मदीप चढलेला होता, बाबारावांचा मुलगा. निघताना त्याने विचारलंही होतं, "आभाळ आलं तर उतरू काय, मॅडम?" तिने ठामपणे सांगितलं होतं, "लाइन बंद आहे, अर्थिंग पक्कं आहे. काम संपवूनच उतरा."

बाबारावांना पडद्यावरचं फारसं कळत नसे. लाल तेवढं कळलं.

"हा तर आपल्या धम्मदीपचा खांब हाय."

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. खांबावर चढताना फोन गाडीच्या डिक्कीत ठेवायचा, ही शिस्त बापानेच लावलेली. नाचणगावच्या बाजूला आभाळ काळंभोर झालं होतं. खिडकीच्या काचा थरथरल्या.

तिने वळून पाहिलं, तर खोलीत बाबाराव नव्हते. ती बाहेर धावली.

"काका, पाणी राहू द्या! त्याला नुसतं खाली उतरवा!"

मोटारसायकलच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नाही. टाकीजवळ कायम भरून ठेवलेल्या दोन्ही बादल्या त्यांनी हँडलला अडकवल्या होत्या. नाचणगाव सहा किलोमीटर होतं. फाटकाच्या वळणावरच निम्मं पाणी सांडलं.